मदत हवी आहे: गोलातून सिलिंडर कापला, सिमेट्री लावली तर उत्तर बरोबर, नाही लावली तर चूक. असं कसं?

बॅकवाला_बंड्या:
नमस्कार मंडळी. एम-टू (इंजिनिअरिंगचं दुसरं गणित) ची बॅक आहे, एवढा एकच विषय राहिलाय, पेपर नऊ दिवसांवर. मल्टिपल इंटिग्रलचं युनिट मागच्या वेळी सरळ ऑप्शनला टाकलं होतं आणि तेच भोवलं, म्हणून या खेपेला आधी त्यालाच हात घातला. एरियाची गणितं येतात, ऑर्डर बदलायची पण बऱ्यापैकी जमते, पण घनफळ आलं की दांडी गुल, कारण आकृती डोळ्यासमोर येतच नाही.

गणित असं. गोल एक्स² + वाय² + झेड² = ए², आणि सिलिंडर एक्स² + वाय² = ए × एक्स. सिलिंडरच्या आत गोलाचा जेवढा भाग सापडतो त्याचं घनफळ काढा.

मी पोलर घेतलं, म्हणजे एक्स-वायऐवजी ओरिजिनपासूनचं अंतर आर आणि कोन थीटा. सिलिंडर झाला आर = ए कॉस थीटा, म्हणून आर ० पासून ए कॉस थीटापर्यंत आणि थीटा −पाय/२ पासून पाय/२ पर्यंत, कारण ते वर्तुळ सगळं उजव्या बाजूलाच आहे. उंची वरची खालची मिळून २√(ए² − आर²), आणि पोलरमध्ये डीआर डीथीटाला गुणावा लागणारा तो जादाचा आर, जो मी पहिल्या दोन प्रयत्नांत विसरलो होतो, तो पण आठवणीने लावला. आरचं इंटिग्रल केलं की येतं ए³/३ × (१ − साइन³ थीटा), त्याला दोनाने गुणायचं. आता साइन³ ऑड फंक्शन (थीटाचं चिन्ह उलटलं की किंमतीचंही उलटतं), लिमिट्स उणे-अधिक सारख्या, म्हणजे ते शून्य, उरलं नुसतं पाय. उत्तर २ पाय ए³/३. मी खूश, एवढं सुटसुटीत आलंय म्हणजे बरोबरच असणार.

पुस्तकात मागे उत्तर आहे २ए³/९ × (३ पाय − ४).

आता खरी गंमत ऐका. रूममेटने तेच गणित केलं, त्याने थीटा ० ते पाय/२ घेऊन सगळं चारने गुणलं आणि त्याचं जुळलं. मी म्हटलं का रे तुझं बरोबर आणि माझं चूक, तर म्हणतो सिमेट्री लावायची असते. अरे पण सिमेट्री हा शॉर्टकट ना? शॉर्टकट न घेता लांबच्या रस्त्याने गेलं तर माणूस दुसऱ्याच गावाला पोचतो का? क्लासच्या नोट्समध्ये "बाय सिमेट्री" एवढं लिहून डायरेक्ट पुढची ओळ. यूट्यूबवर दोन व्हिडिओ बघितले, दोघंही चारने गुणूनच सुरुवात करतात, का ते कोणीच सांगत नाही. रात्रीचे दीड वाजलेत, जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

एकदाचा_सुटलो:
सेम पिंच रे भावा. मी पण पेपरात हेच उत्तर लिहून आलो होतो, आठपैकी पाच मिळाले, ते तीन कुठे गेले ते आजतागायत कळलं नाही. वाचनखूण साठवतोय.

लिमिटमध्ये_राहा:
थीटा ० ते २ पाय घेऊन बघ ना, पूर्ण सिलिंडर आहे म्हटल्यावर पूर्ण फेरी मारायला नको का?

खडू_आणि_फळा:
बंड्या, आधी शाबासकी. आर लावलास आणि लिमिट्स पण बरोबर घेतल्यास. ० ते २ पाय इथे चालणार नाही, कारण त्या वर्तुळाचा मध्य (ए/२, ०) वर आहे. ओरिजिन त्याच्या काठावर आहे, पोटात नाही. विहिरीच्या कठड्यावर बसून आत बघताना पूर्ण गोल फिरावं लागत नाही, डावीकडून उजवीकडे मान वळवली की सगळी विहीर दिसते, तसं.

तुझी चूक एका ओळीत आहे, आणि नेमकी तीच ओळ तू इथे लिहिलेली नाहीस, वहीतही नसणार. आरची वरची लिमिट घातल्यावर कंसात उरतं ए² − ए² कॉस² थीटा, म्हणजे ए² साइन² थीटा, आणि त्यावर घात ३/२. तू त्याचं सरळ ए³ साइन³ थीटा करून टाकलंस. पण ३/२ घात म्हणजे आधी वर्गमूळ, मग घन, आणि हे वर्गमूळ कधी निगेटिव्ह नसतं. थीटा −३०° घालून बघ. साइन −१/२, वर्ग १/४, वर्गमूळ १/२, घन १/८. तुझ्या सूत्रात मात्र −१/८. म्हणजे ते पद खरं तर |साइन थीटा|³ आहे, मॉडसकट, म्हणजे उणे चिन्ह काढून टाकून. मॉड लावला की फंक्शन ऑड राहत नाही, इव्हन होतं, आणि तू ज्याला शून्य म्हणून कटाप केलंस त्याची किंमत येते ४/३.

अजून पटत नसेल तर −९०° वर जा. तिथे कॉस शून्य, म्हणजे आर शून्यापासून शून्यापर्यंत, आत काही मालच नाही, आरचं इंटिग्रल शून्य यायला हवं. तुझं १ − साइन³ तिथे देतंय २, सगळ्यात मोठी किंमत! +९०° वर मात्र बरोबर शून्य. म्हणजे तुझा वरचा अर्धा भाग ठीक आहे, खालचा उगाच फुगलाय.

रूममेटचं जुळलं कारण ० ते पाय/२ मध्ये साइन पॉझिटिव्हच असतो, मॉड विसरलं तरी खपून जातं. त्यालाही हे ठाऊक नसणार, विचार उद्या. तुझ्या रस्त्याने गेलास तर २ × ए³/३ × (पाय − ४/३), कंस सोडव, पुस्तकातलंच गाव येईल.

आणि एक सवय लावून घे. उत्तर आलं की ते आकारात बसतं का बघायचं. सिलिंडरचा व्यास ए, गोलात उंची फार तर २ए. तेवढ्या उंचीचा अख्खा सिलिंडर घेतलास तरी घनफळ पाय ए³/२, म्हणजे साधारण १.५७ ए³. तुझं उत्तर २.०९ ए³. डब्यापेक्षा डब्यातला लाडू मोठा! पुस्तकाचं १.२१ ए³, ते बसतं. पेपरात याला अर्धं मिनिट लागतं.

बॅकवाला_बंड्या:
सर, दंडवत. मॉड फक्त इनइक्वॅलिटीत असतो असं समजत होतो मी. आणि २ पाय ए³/३ म्हणजे बरोब्बर अर्धा गोल की, हे तर आत्ता दिसलं. एवढासा सिलिंडर अर्धा गोल कसा खाईल. पण आकृतीचं काय करू? पुस्तकातल्या चित्रात नुसत्या तुटक रेघा आहेत, कुठलं पुढे कुठलं मागे कळत नाही.

शाडूवाली:
माझा गणिताशी संबंध बारावीत संपला, मी मूर्ती करते. लेकीने हा धागा दाखवला म्हणून हात शिवशिवले. घरी एक इंची पाइपचा तुकडा पडला होता, आतला व्यास मोजला तर २८ मिमी, म्हणून शाडूचा गोळा ५६ मिमीचा केला. पाइपला आतून तेलाचं बोट फिरवलं, एक कड गोळ्याच्या मधोमध आणि समोरची कड गोळ्याच्या पार किनाऱ्याला टेकेल अशी धरून सरळ खाली दाबला. पहिला गोळा फुटला, दुसऱ्याला थोडा वेळ वाळू दिला मग नीट निघाला.

आतून निघालेला तुकडा बघण्यासारखा आहे. एका कडेला गोळ्याच्या पूर्ण व्यासाएवढा उंच, आणि समोरच्या कडेला वरून खालून निमुळता होत होत एका टोकाला मिटतो, ओल्या खोबऱ्याची जाड कातळी उभी धरावी तसा. सरांनी −९०° ला काही नाही म्हटलं ते पण दिसतं, मधल्या उभ्या रेषेपाशी पाइपची भिंत लगेच आडवी येते.

किचनच्या काट्यावर वजन केलं. अख्खा गोळा १७० ग्रॅम, तुकडा ५१. लेक म्हणते सूत्राने ४९ यायला हवा होता, आणि बंड्याच्या उत्तराने ८५. दोन ग्रॅम माझ्या हाताचे धरा.

खडू_आणि_फळा:
ताई, तीस वर्षं फळ्यावर वाकड्यातिकड्या आकृत्या काढल्या, हे सुचलं नाही कधी. ज्यांच्याकडे शाडू नाही त्यांनी जिओजेब्रा थ्रीडी मोबाईलवर घ्या, दोन्ही समीकरणं टाका आणि बोटाने फिरवा. पण बंड्या, पेपरात थ्रीडी आकृतीच्या नादी लागू नकोस. खाली एक्स-वाय प्रतलात सावली काढ, इथे ते छोटं वर्तुळ, त्यावरून आर आणि थीटा. मग सावलीतल्या एका बिंदूवर उभी सळई घुसव, कुठे आत शिरते कुठे बाहेर पडते, त्यावरून झेड. ट्रिपल लाव की डबल, फरक नाही, ट्रिपलचं पहिलं इंटिग्रल केलं की सळईची लांबीच हातात येते.

जुन्यापुराण्या:
अवांतर: हा गोळा फार जुना खेळाडू आहे. गॅलिलिओचा शिष्य विव्हियानी याने १६९२ साली युरोपातल्या गणित्यांना कोडं घातलं होतं. अर्धगोल घुमटाला चार सारख्या खिडक्या अशा पाडा की उरलेल्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ नेमक्या चौरसाएवढं येईल, पाय मध्ये न येता. लायब्निझ, याकोब बेर्नुली वगैरे मंडळींनी तेव्हाच्या नव्याकोऱ्या कॅल्क्युलसने ते सोडवलं. खिडक्या पाडायला लागतात ते हेच गोलाच्या निम्म्या व्यासाचे सिलिंडर, आणि उरतं ४ए², म्हणजे घुमटाच्या व्यासाचा वर्ग. बंड्याने एक करून बघावं: गोलातून उजवा सिलिंडर आणि तसाच डावीकडचा, एक्स² + वाय² = −ए × एक्स वाला, असे दोन्ही काढले तर घनफळ किती उरतं?

बॅकवाला_बंड्या:
ते रात्री करतो. आधी हे बघा, दुपारी पुढचं गणित घेतलं: सिलिंडर एक्स² + वाय² = ४, वरून प्रतल वाय + झेड = ४, खालून झेड = ०. उंची ४ − वाय, वाय म्हणजे आर साइन थीटा. आता मी शहाणा झालोय म्हणून साइनला मॉड लावला, तर उत्तर आलं १६ पाय − ३२/३. पुस्तकात नुसतं १६ पाय. आता काय??

एकदाचा_सुटलो:
दुधाने तोंड पोळलं तर ताक पण फुंकून :)

खडू_आणि_फळा:
मॉड हे तीर्थ नाही, सगळीकडे शिंपडायचं. तो वर्गमूळातून येतो. या गणितात वर्गमूळ आहे कुठे? वाय खरोखरच एका बाजूला निगेटिव्ह आहे आणि तिथे ४ − वाय खरोखरच चारपेक्षा जास्त आहे, कारण छप्पर उतरतं आहे. पत्र्याची शेड डोळ्यासमोर आण. एका टोकाला उंची २, समोरच्या टोकाला ६. जेवढं इकडे कमी तेवढंच तिकडे जास्त, सरासरी उंची ४, तळाचं क्षेत्रफळ ४ पाय, झालं १६ पाय, इंटिग्रलची पण गरज नाही. ऑड म्हणून शून्य हे इथे अगदी योग्य. तू मॉड लावून उंच बाजू कापलीस आणि दोन्हीकडे उतरतं छप्पर केलंस, म्हणून ३२/३ कमी आले.

बॅकवाला_बंड्या:
पत्र्याची शेड, बास, डोक्यात बसलं. आमच्या गोठ्याची अशीच आहे.

जुन्यापुराण्या काकांचं पण केलं. अख्खा गोल ४ पाय ए³/३. एका सिलिंडरचे २ए³/९ × (३ पाय − ४), दोन्हींचे मिळून ४ पाय ए³/३ − १६ए³/९. दोन्ही सिलिंडर एकमेकांना फक्त मधल्या रेषेवर टेकतात, त्यामुळे काही दोनदा मोजलं जात नाही, हे पण तपासलं. वजा केलं की पायवाले दोन्ही उडतात आणि उरतं १६/९. पाय गायब! दोनदा करून बघितलं, तेच येतंय. बरोबर आहे का सर?

खडू_आणि_फळा:
बरोबर. पण शेवटच्या ओळीत ए³ कुठे गेला? तिकडे एक मार्क जाईल.