फोन काढून घेतलेला लाल बूथ 'वाचवला' म्हणायचं का?

अनुजा_ब्रिस्टल: रविवारी इंग्लंडच्या सॉमरसेटमधल्या वेस्टबरी-सब-मेंडिप या गावाला जाऊन आले. तिथली फिरती लायब्ररी बंद झाली आणि लाल टेलिफोन बूथही जाणार होता, तेव्हा 2009 मध्ये गावाने तो बीटी या टेलिफोन कंपनीकडून एका पौंडाला घेतला आणि आत फळ्या ठोकून पुस्तकं लावली, एक न्या एक ठेवा. सागवानी दार ओढायला चांगलंच जड, आत जुन्या कागदाचा दमट वास, वर छपराखाली उठावातला मुकुट. छान वाटलं, खोटं कशाला बोलू. पण फोन कुठाय? बूथ हा बोलायला असतो ना, आपण नुसतं टरफल जपतोय असं मला वाटतं.

सागर_लेस्टर: अजिबात पटलं नाही. हा के6 नावाचा बूथ, वास्तुविशारद जाइल्स गिल्बर्ट स्कॉटने 1935 मध्ये राजा पाचव्या जॉर्जच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवासाठी केलेलं डिझाइन, देशभर 60,000 च्या आसपास बसवले होते. बिडाचं पाऊणएक टनाचं धूड, कोणी घेतलं नसतं तर भंगारात गेलं असतं. फोन कोणी वापरतच नव्हतं तर गावाने करायचं काय होतं? देऊळ जपतो तेव्हा रोज आरती होते का बघतो का आपण?

मीना_डेव्हन: वापरत नव्हतं हे शहरात बसून बोलायला सोपं आहे. मागच्या हिवाळ्यात संध्याकाळी आमची गाडी दरीत बंद पडली, चारही कंपन्यांची रेंज शून्य, दोन मैल चालत गेलो आणि बूथ दिसला तर आत गोष्टींची पुस्तकं. रडू आलं अक्षरशः. अशा वेळांसाठीच तर ऑफकॉमने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, 2022 मध्ये नियम केला, चारपैकी एखादं जरी मोबाइल नेटवर्क मिळत नसेल किंवा वर्षात निदान 52 कॉल झाले असतील तर बूथ काढायचा नाही.

डॉ_केदार: मीनाताई, तुमचं रेंजचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण कितीतरी गावांनी अशाच बूथमध्ये डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला विजेचा झटका द्यायचं यंत्र, बसवलाय. हृदय बंद पडलं की उपचाराविना जाणाऱ्या दर मिनिटाला वाचायची शक्यता साधारण दहा टक्क्यांनी घटते, ॲम्ब्युलन्स वीस मिनिटं लांब. लाल रंग लांबून दिसतो, जागा गावात सगळ्यांना पाठ. याला टरफल म्हणू नका.

अनुजा_ब्रिस्टल: डॉक्टर, डिफिब्रिलेटरबद्दल शब्द मागे घेते. पण तो शेजारच्या भिंतीवरही बसतो हो, फोन नाही बसत. आमच्या गावच्या बूथवर काढण्याची नोटीस लागलीये आणि तिथे चारपैकी एका नेटवर्कची एक काडीसुद्धा येत नाही. मी आज रात्री लिहून पाठवतेय की फोन चालू ठेवा, पुस्तकांना बसथांब्यात जागा आहे.