शिडाची शिवण तपासा आधी

गोड्या पाण्यात बोटीला मेंटेनन्स लागत नाही असं काही जण म्हणतात, ते अर्धंच खरं. मीठ नाही म्हणून शॅकल (शीड-दोर जोडायच्या धातूच्या कड्या) लवकर गंजत नाहीत, मान्य, पण आमच्या सोलापूरचं ऊन बघा की! उजनी धरणावर माझी छोटी डिंगी, म्हणजे शिडाची होडी आहे, मागच्या उन्हाळ्यात शीड कव्हर न घालता बूमवरच (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्यावर) गुंडाळून ठेवलं, नंतर वर ओढलं तर कापड ठणठणीत आणि शिवण टराटरा उसवली. दोरा कापडाच्या वर उघडा असतो ना, ऊन आधी त्यालाच खातं.

आता शिवणीवर नख जोरात घासून बघतो, दोरा तुटला की परत शिवायला टाकायचं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शिलाईवाल्याकडून झिगझॅग टीप मारून घेतली, त्यानं आधी सुती दोराच काढला होता, म्हटलं मालक, पॉलिस्टरचा लावा.