मदत हवी आहे: जळगावात राहून ऑल-व्हील-ड्राइव्ह सेडान सांभाळता येईल का?

तापीपल्याड:

नमस्कार मंडळी,

मी जळगावात असतो, एमआयडीसीत छोटी डाळ मिल आहे. शेती आणि आई-आबा चोपडा तालुक्यात. धंद्यापायी इंदूर आणि सुरतेच्या फेऱ्या सुरूच असतात, त्यातही रात्रीचं परतणं जास्त. आताची गाडी थकली आहे, बदलायचीच आहे.

घरची अट अशी की गाडी सेडानच हवी. आईचे गुडघे गेलेत. मेव्हण्याच्या एसयूव्हीत चढताना तिला एका हाताने वरची कडी आणि दुसऱ्या हाताने माझा खांदा धरावा लागतो. सेडानमध्ये ती पाठमोरी होऊन आधी सीटवर टेकते, मग एकेक पाय आत घेते. कोणाचा हात लागत नाही. म्हणून "फॉर्च्युनर घ्या" हा सल्ला कृपया नको.

माझी अट अशी की ताकद चारही चाकांना जाणारी हवी. पावसात सेंधव्याकडचा बिजासन घाट आणि गावाआधीचा काळ्या मातीचा तुकडा, या दोन जागी आताची गाडी घाम फोडते.

नव्यात बघितलं तर या आकाराच्या सेडानमध्ये हा प्रकार जवळपास नाहीच. ऑडीने 2020 ला डिझेल बंद केलं आणि 2021 च्या जानेवारीत जी ए-फोर परत आणली ती फक्त पुढच्या चाकांवर चालते. बीएमडब्ल्यूची एम 340 आय एक्सड्राइव्ह आहे, पण 2021 ला आली तेव्हाच साठ लाखांच्या पुढे होती. तो विषय तिथेच संपला. म्हणून जुन्यात शोधतोय आणि दोन गाड्या नजरेत आहेत: पुण्यातली व्होल्वो एस 60 क्रॉस कंट्री डिझेल, आणि सुरतेतली जुन्या पिढीची ए-फोर 3.0 टीडीआय क्वाट्रो (टीडीआय म्हणजे ऑडीचं डिझेल, क्वाट्रो म्हणजे ताकद चारही चाकांना). दोन्ही बजेटात बसतात.

वापरणाऱ्यांनी खरं सांगावं. आपल्या उन्हात, आपल्या रस्त्यांवर, शोरूम शे-दोनशे किलोमीटर लांब असताना अशी गाडी रोज जगते का? आबांचं मत आलंच आहे: "इतली भारी गाडी, अन् चालाडशी कोठे?" त्यांना काय उत्तर द्यावं तेही सांगा.

---

शेवभाजी:

फॉर्च्युनर घ्या.

(राहवलं नाही भाऊ, माफी.) गंभीरपणे सांगायचं तर साधी सेडान, चांगले टायर आणि गावात ओळखीचा ट्रॅक्टरवाला एवढ्यात तुमचं काम भागतं. उरलेल्या पैशात मिलला नवं मशीन येईल.

---

बोरीकाठ अमळनेर:

माझ्याकडे हीच एस 60 क्रॉस कंट्री आहे, सेकंडहँड घेतलेली. त्यामुळे सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी चिखलाचं, कारण सगळ्यांचा गैरसमज तिथेच असतो. ही गाडी साध्या एस 60 पेक्षा 65 मिमी उंच आहे, ग्राउंड क्लिअरन्स 201 मिमी. बऱ्याच एसयूव्हींच्या बरोबरीला येते. त्यामुळे पाणंद रस्त्याच्या मधला उंचवटा पोटाला लागत नाही, आणि कोरड्या कच्च्या रस्त्यावर, मुरमावर, नदीपात्राच्या रेताड वाटेवर ती मजेत जाते. पण पाऊस मुरलेल्या काळ्या मातीत ऑल-व्हील-ड्राइव्हचा तोरा फार टिकत नाही. आपली माती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचांत भरून बसते. एकदा खाचा भरल्या की चारही टायर गुळगुळीत. मग ताकद दोन चाकांना जाते की चार, काही फरक पडत नाही. चारही जागेवर फिरतात. थोडा ओलावा असेल, वर खडी-मुरूम टाकलेला असेल, तर मात्र जिथे साधी सेडान पुढची चाकं फिरवत उभी राहते तिथून ही निघून जाते. एवढंच मिळतं, आणि माझ्या मते तेही कमी नाही.

आता जे कोणी सांगत नाही ते. चिखलातून आलात, गाडी उन्हात उभी केली आणि दुसऱ्या दिवशी हायवेला लागलात की ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरायला लागतं. माणूस घाबरतो, अलाइनमेंट करून घेतो, बॅलन्सिंगवाल्याकडे जातो. कारण असतं रिमच्या आतल्या बाजूला वाळलेलं काळ्या मातीचं ढेकूळ. बाहेरून चाक चकाचक दिसतं. चाकामागे हात घालून बघा, विटेच्या तुकड्यासारखं टणक लागेल. मोटरच्या पाण्याचा फवारा आतून मारायचा, बस. पावसाळ्यात माझ्याकडे हे नेहमीचं काम आहे.

व्होल्वोची पद्धत हॅल्डेक्सची. एरवी गाडी पुढच्या चाकांवरच चालते. पुढचं चाक घसरायला लागलं की मागच्या डिफरन्शिअलपाशी (चाकांत ताकद वाटणारा गिअरचा डबा) असलेला इलेक्ट्रॉनिक क्लच ताकद मागे पाठवतो. तुम्हाला कळतही नाही. त्या क्लचला स्वतःचं वेगळं तेल असतं आणि ते वेळेवर बदलावं लागतं. इंजिन ऑइल बदललं म्हणजे सर्व्हिस झाली असं समजणाऱ्या मालकाची गाडी घेऊ नका.

इंजिन 2.4 लिटरचं पाच सिलिंडरचं डिझेल, 420 एनएम टॉर्क. आवाज थोडा रांगडा आहे, मला आवडतो. हायवेला 13-14 देते, जळगावात फिरवली तर 10 च्या आत. नुसती गावात फिरवायची असेल तर घेऊच नका, डिझेलचा धूर गाळणारा फिल्टर भरतो आणि दिवा पेटतो. तुमच्या इंदूर-सुरतेच्या फेऱ्या या इंजिनाला औषध आहेत.

मे महिन्याचं विचाराल तर भुसावळ-जळगावच्या पंचेचाळीस अंशांतही एसी हटत नाही. मात्र काळं लेदर घेतलं असेल तर दुपारी सीटवर टॉवेल लागतोच. :)

उणीव सांगतो. मागची सीट या आकाराच्या मानाने अडचणीची आहे, डिकीही लहान. डाळीचे कट्टे आणि घरची माणसं एकत्र नेणार असाल तर विसरा. आणि ही गाडी 2016 ला आली तेव्हा बाहेरून तयार येत होती, विकली गेली मोजकीच. साधा आरसा फुटला तरी आठवडे थांबायची तयारी ठेवा.

आणि आईसाठी तीच बरी पडेल. सीट ना जमिनीला टेकलेली, ना चढून बसायची. पण माझ्या शब्दावर जाऊ नका, त्यांना प्रत्यक्ष बसवून बघा. ए-फोरमध्ये बसणं सोपं आहे, उठणं अवघड. गुडघ्यांना उठणंच जड जातं.

---

पांझरा धुळे:

बोरीकाठ भाऊंशी बाकी सहमत, पण क्वाट्रोची बाजू मांडायला हवी. माझी ए-फोर 3.0 टीडीआय आहे.

यात क्लच जोडला जाण्याची वाट बघणं नाही. मधलं डिफरन्शिअल पूर्ण यांत्रिक, एरवीच 40 टक्के पुढे, 60 टक्के मागे, आणि चाक घसरलं की वाटणी आपोआप बदलते. याचा फायदा चिखलात नाही, ओल्या डांबरावर आहे. धुळ्याहून सुरतेला जाताना कोंडाईबारी घाटात पावसात ट्रकमागे अडकता, थोडी जागा मिळते आणि चढावरच्या वळणात गॅस द्यावा लागतो, तेव्हा ही गाडी रेषा सोडत नाही. पुढच्या चाकांवरच्या ताकदवान गाडीत अशा वेळी स्टेअरिंग हातातून ओढल्यासारखं होतं. हे एकदा अनुभवलं की परत जाववत नाही.

पण ब्रेक! ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांवर असतात. गाडी सुसाट निघते म्हणून ती तशीच थांबेल असं समजू नका. घाटात खाली उतरताना क्वाट्रोचा काडीचा उपयोग नाही, तिथे टायर आणि उजवा पाय.

तुमच्या शेवटच्या काळ्या मातीच्या तुकड्यासाठी मात्र ए-फोर नको, हे मालक असून सांगतो. पोट खाली आहे. गावोगावचे घरगुती गतिरोधक, जे ग्रामपंचायत रातोरात घालते आणि कोणी पांढरा पट्टा मारत नाही, ते मी तिरपे घेतो. शेतात जायचं झालं तर गाडी डांबरावर लावून भावाच्या मोटारसायकलवर.

गंमत म्हणजे ही ए-फोर आपल्या शेजारीच, संभाजीनगरच्या शेंद्र्यातल्या कारखान्यात जोडली जायची. कन्नड घाट उतरला की खान्देश. तरी पार्टसाठी नाशिक नाहीतर संभाजीनगर, आणि बिल युरोपातलंच.

---

तापीपल्याड:

दोघांचे मनापासून आभार. चित्र बरंच स्पष्ट झालं. टायरबद्दल ऐकलंय की एक फुटला तरी चारही बदलावे लागतात. खरं की दुकानदारांचा फंडा?

---

पाना-पकड भुसावळ:

गॅरेज आहे माझं, म्हणून बोलतो. अर्धं खरं आहे.

चार चाकं एकमेकांना यंत्राने जोडलेली आहेत. एक टायर नवा आणि तीन झिजलेले असले तर नव्याचा घेर मोठा, तो कमी फिरतो. सरळ रस्त्यावरही गाडीला वाटतं की कुठलंतरी चाक घसरतंय, आणि मधला क्लच किंवा डिफरन्शिअल विनाकारण राबत राहतं, तापतं. खाचेच्या खोलीत दोन-तीन मिलिमीटरच्या आतला फरक असेल तर निभतं. टायर नवेच असताना एक फुटला तर तोच ब्रँड, तोच पॅटर्न, तीच साइज टाका, चालेल. अर्धे झिजल्यावर फुटला तर किमान जोडी, आणि मनाची तयारी चारची ठेवा. 18 इंची चांगला टायर 15 हजारांच्या पुढे जातो, हिशोब तुम्हीच करा. स्टेपनी छोटी, तात्पुरती असेल तर तिच्यावर इंदूर गाठायचं नाही. जवळच्या गावापर्यंत हळू जायचं.

गाडी बघायला जाल तेव्हा बोनेटच्या आधी टायर बघा. चारही एकाच कंपनीचे आहेत का, आणि बाजूवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. चार टायर चार जातीचे दिसले तर मालकाने पैसे वाचवलेत, ते तुम्ही भराल.

मग मोकळ्या मैदानात स्टेअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू गोल फिरवा, दोन्ही बाजूंना. गाडी अडखळत, दाबून धरल्यासारखी चालली किंवा मागून कडकड आवाज आला तर हात जोडा आणि परत या. खाली पिटवर घेऊन मागच्या डिफरन्शिअलला तेल गळतंय का तेही बघा. हॅल्डेक्सचं तेल बदलल्याचं बिल मागा. "शोरूमलाच सर्व्हिस आहे साहेब" हे बिल नव्हे.

सुरतेची गाडी घेतली तर एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स किमतीत धरा. लोक हे विसरतात आणि जीजे नंबर घेऊन वर्षानुवर्षे फिरतात.

---

सातपुडा नंदुरबार:

पाना-पकड दादा, टायरचं एक जोडतो. शहरी गुळगुळीत टायरऐवजी थोड्या मोकळ्या खाचांचे घेतले तर चिखलात आणि पावसात खूप फरक पडतो. माझ्या साध्या, पुढच्या चाकांच्या गाडीने मी तोरणमाळ भर पावसात चढतो. शेवभाजींचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही.

---

पांझरा धुळे:

चढता हो, पण रिकामा रस्ता, दिवसाउजेड आणि तुमच्या मर्जीचा वेग. तापीपल्याड भाऊ रात्री ट्रकच्या रांगेतून येतात. दोन्हीची तुलना नको.

---

तापीपल्याड:

क्वाट्रोचा मोह होता, पण तो सोडतोय; डांबरावर गाडी लावून पुढे मोटारसायकल, हे आईला घेऊन जमणार नाही. पुण्याची क्रॉस कंट्री बघायला जातो, टायरचे आकडे आधी. मालकाकडे हॅल्डेक्सचं बिल मागितलं तर तो "ते काय असतं?" म्हणाला, त्यामुळे दोनशे गोष्टी अजून विचारायच्या आहेत. आबांना सांगितलं की पोटाला दगड लागणार नाही, तर म्हणाले खिशाला लागंल.

शेवटचा प्रश्न: रात्री एरंडोल-पारोळ्याच्या मधे बंद पडली तर काय?

---

पाना-पकड भुसावळ:

हे महत्त्वाचं विचारलंत. नेहमीची हुकवाली क्रेन बोलवायची नाही. ती पुढची चाकं उचलून मागची रस्त्यावर घासत नेते आणि तेवढ्यात क्लचचं वाटोळं होतं. गाडी आख्खी फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर, चढली पाहिजे. विमा घेताना रोडसाइड असिस्टन्समध्ये फ्लॅटबेड मिळेल का ते फोनवर नाही, मेलवर विचारा. आणि ड्रायव्हरलाही शिकवून ठेवा, कारण ढाब्यावरचा माणूस मदत म्हणून पहिला फोन हुकवाल्यालाच लावतो. गाडी वयाने मोठी, झिरो डेप (पार्टच्या झिजेचे पैसे न कापणारा विमा) मिळणं अवघड जाईल. तरी विचारून बघा.

---

बोरीकाठ अमळनेर:

पुण्याहून निघालात की कळवा. आमच्याकडे जेवून पुढे जा, आणि गाडी एकदा माझ्या पिटवर घेऊ. व्यवहार करण्याआधी आलात तर आणखी बरं.