आजोबांच्या झोपेबद्दल मुलाला काय सांगू? मदत हवी आहे

बाबा युद्धात होते. अजूनही रात्री झोपेत ओरडतात, हात झाडतात. लहानपणी आई सांगायची की अंगाला हात लावून उठवू नका, दारातूनच नावाने हाक मारा, आम्ही आजही तेच करतो आणि ते चालतं. पण आता माझा सात वर्षांचा मुलगा आजोबांच्याच कुशीत झोपायचा हट्ट धरून बसलाय.

पीटीएसडीचं (भयंकर अनुभवानंतर मनावर राहिलेल्या आघाताचा आजार) निदान झालंय, गोळ्या चालू आहेत, दारूचा प्रश्न नाही. ईएमडीआर थेरपीचं (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने अशा आठवणींवर करतात तो मानसोपचार) नाव काढलं की "मला काही झालेलं नाही" म्हणतात आणि विषय बंद, त्यामुळे तो सल्ला प्लीज नको. मुलाला "आजोबा दमलेत" सांगून पाहिलं, पटत नाही.

तुमच्यापैकी कुणाचे वडील असे असतील तर सांगा, मुलाला न घाबरवता नेमक्या कोणत्या शब्दांत सांगितलंत, आणि बाबांचं मन न दुखवता वेगळं कसं झोपवलंत?