मदत हवी आहे: ग्राफीनच्या नळीतली फट अरुंद केली की प्लाझ्मॉनचं शिखर उलट का सरकतं?

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी.च्या प्रकल्पात चार दिवस एकाच जागी अडकले आहे. ग्राफीनच्या (कार्बनच्या एक अणू जाडीच्या थराच्या) सपाट पट्टीत प्लाझ्मॉनचं, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक लाटेचं, विद्युतक्षेत्र कडांपाशी एकवटतं, मधला भाग जवळजवळ वाया जातो. तीच पट्टी सुरळीच्या वडीसारखी, पण एकाच वेढ्यात गुंडाळली की कडा उरत नाहीत. परिघावर एक पूर्ण तरंग बसतो त्या मोडमध्ये (कंपनाच्या प्रकारात) पोकळीत सगळीकडे सारखं क्षेत्र मिळतं. आत कुठेही रेणू असला तरी तो हाती लागावा, म्हणून मला नळीच हवी आहे.

बंद नळीचं गणित छान जुळलं. त्रिज्या ७५ नॅनोमीटर, फर्मी ऊर्जा (ग्राफीनमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन किती, याचं माप) ०.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट, आतबाहेर निर्वात. हाताने काढलं तर १० मायक्रॉनच्या प्रकाशाला प्लाझ्मॉनची तरंगलांबी सुमारे ४७० नॅनोमीटर येते, म्हणजे बरोबर नळीचा परीघ. सिम्युलेशनमध्येही शिखर (ज्या तरंगलांबीला नळी प्रकाशाला सर्वात जास्त प्रतिसाद देते ती जागा) तिथेच आलं. तो आलेख पाहून खूप आनंद झाला होता.

अडचण फटीची आहे. प्रत्यक्षात गुंडाळीची टोकं पूर्ण जुळत नाहीत, म्हणून नळीला लांबीभर ५ नॅनोमीटरची फट ठेवली, उघड्या तोंडाच्या कड्यासारखी. १० चं शिखर थोडं अलीकडे, कमी तरंगलांबीकडे सरकलं आणि पार १६ मायक्रॉनच्या पलीकडे एक नवं उगवलं. (तेवढ्याच रुंदीची सपाट पट्टी १६ च्या आसपास देते.) वाटलं, फट १ नॅनोमीटरवर आणली की नळी बंद असल्यासारखी वागेल आणि हे शिखर १० कडे येईल. ते आणखी लांब गेलं!

ग्राफीनला जाडी दिलेली नाही, पृष्ठभागाची वाहकताच दिली आहे. तिच्या काल्पनिक भागाचं चिन्ह दोनदा तपासलं. फटीपाशी मेश (गणनेसाठीची जाळी) चौपट बारीक केला, तरी शिखर हललं नाही. प्रकाशाचं विद्युतक्षेत्र फटीच्या एका ओठाकडून दुसऱ्याकडे आहे. हे शिखर खरं मानायचं का? आणि फट असतानाही ते एकसारखं क्षेत्र मिळवता येईल का?

प्रतिसाद १

ताई, शिखर खरं आहे. फट कितीही अरुंद असली तरी वाहकतेचा प्रवाह ती ओलांडत नाही. एका ओठावर धन, दुसऱ्यावर ऋण प्रभार साठतो, म्हणजे तिथे कपॅसिटरच तयार होतो. परिघावर अर्धाच तरंग बसतो, म्हणून हे शिखर पट्टीच्या कुळातलं. फट अरुंद केलीत की धारकता वाढते आणि वारंवारता उतरते. ते असंच लांब जात राहणार. १० कडे परतणारं शिखर दुसरंच, ते अलीकडे सरकलेलं.

एकसारख्या क्षेत्रासाठी ध्रुवीकरण ९० अंशांनी फिरवा, विद्युतक्षेत्र फटीतून जाणाऱ्या व्यासाला समांतर ठेवा. त्या मोडमध्ये फटीच्या जागी प्रवाह मुळातच शून्य असतो आणि दोन्ही ओठांवर एकाच चिन्हाचा प्रभार असतो. अरुंद फटीने त्याचं फारसं बिघडत नाही.

धागाकर्ती

दादा, फिरवून पाहिलं! १० ला स्वच्छ शिखर आलं, १६ पलीकडचं गेलं. मनापासून आभार.

आता पुढचा प्रश्न. नळी तळावर आडवी पडलेली असेल आणि प्रकाश सरळ वरून येणार, म्हणजे विद्युतक्षेत्र आडवंच राहणार. मग फट वर नको, बाजूला हवी. ती बाजूलाच येईल अशी गुंडाळी करण्याची पद्धत कुणी प्रयोगशाळेत वापरली आहे का?