कोळसा नको म्हणता, मग अणुऊर्जेला विरोध का?

खडूफळा:
कोळसा बंद करा म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि त्याच्या जागी अणुवीज आणा म्हटलं की तेच लोक बिचकतात, हे मला बरेच दिवस खटकतंय म्हणून धागा काढला. ज्यांना तापमानवाढीची खरंच काळजी आहे त्यांनी अणुऊर्जेचा विरोध सोडावा असं माझं स्पष्ट मत आहे. बोटाच्या पेराएवढी युरेनियमची एक गोळी जेवढी ऊर्जा देते तेवढीसाठी साधारण एक टन कोळसा जाळावा लागतो. धूर नाही, राख नाही, रात्र असो की वारा पडलेला असो वीज चालूच. फ्रान्सने १९७३ च्या तेलसंकटानंतर एकामागून एक अणुभट्ट्या उभ्या केल्या, आज त्यांची जवळपास दोन तृतीयांश वीज तिथून येते. जर्मनीने बरोबर उलट केलं, एप्रिल २०२३ मध्ये शेवटच्या तीन भट्ट्या बंद केल्या, आणि कोळशावरची केंद्रं मात्र चालूच ठेवली.
आणि किरणोत्सर्ग म्हणाल तर तो आपल्याभोवती कायमच आहे. जमिनीतून येणारा रेडॉन वायू, अवकाशातून येणारे कॉस्मिक किरण, आपल्या स्वतःच्या शरीरातलं पोटॅशियम-४०, हे सगळं धरून जगात सरासरी माणसाला वर्षाला २.४ मिलीसीव्हर्टच्या (अंगात किती किरणोत्सर्ग गेला ते मोजायचं एकक) आसपास डोस निसर्गच देतो. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये त्याच्या तीन-चार पट जातो. व्यवस्थित चालणाऱ्या अणुवीज केंद्राशेजारी वर्षभर राहिलात तरी त्याचा मिळणारा जादा डोस यापुढे अगदी नगण्य असतो.

आडवाट:
२.४ चा आकडा बरोबर आहे पण सरासरी सांगून विषय संपत नाही हो. बाहेरून अंगावर पडणारा किरणोत्सर्ग वेगळा आणि दुधातून, भाजीतून पोटात जाऊन शरीरात ठाण मांडून बसलेलं द्रव्य वेगळं. तेव्हाच्या सोव्हिएत युनियनमधल्या चेर्नोबिल अणुकेंद्राच्या अपघातात नेमकं तेच झालं. किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ गवतावर पडलं, गायींनी खाल्लं, दुधात उतरलं आणि पोरांच्या थायरॉईडमध्ये जाऊन साठलं, कारण थायरॉईडला आयोडीन हवंच असतं, ते किरणोत्सर्गी आहे की साधं हे तिला कळत नाही. पुढच्या वीस वर्षांत तेव्हा लहान असलेल्यांमध्ये थायरॉईड कॅन्सरच्या पाच हजारांहून जास्त केसेस सापडल्या. वाईट याचं वाटतं की या आयोडीनचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, फक्त ८ दिवसांचं आहे. काही आठवडे ते दूध पाजू नका आणि आयोडीनच्या गोळ्या द्या एवढं वेळेवर सांगितलं असतं तरी यातली कितीतरी मुलं कॅन्सरपासून वाचली असती. पण २६ एप्रिल १९८६ ला पहाटे स्फोट झाला, शेजारचं प्रिप्यात शहर दुसऱ्या दिवशी दुपारी रिकामं केलं, आणि जगाला कळलं ते २८ तारखेला स्वीडनच्या अणुकेंद्रात अलार्म वाजले म्हणून. मला युरेनियमची भीती वाटत नाही, ज्यांच्या हातात ते आहे त्यांच्या गप्प बसण्याची वाटते.

मोजपट्टी:
चेर्नोबिलची भट्टी मुळातच वाईट डिझाइनची होती. पाण्याची वाफ झाली की तिची ताकद कमी व्हायच्या ऐवजी वाढायची, आणि बाहेरून काँक्रीटचं भक्कम कवच नव्हतंच. १९७९ मध्ये अमेरिकेत थ्री माईल आयलंडला भट्टीचा जवळपास अर्धा गाभा (इंधन असलेला आतला भाग) वितळला, पण कवच टिकलं आणि बाहेर फारच थोडं गेलं. दोन्ही एकाच मापाने मोजू नका.

आडवाट:
बरं, मग जपानचं फुकुशिमा अणुकेंद्र घ्या. तिथे सोव्हिएत डिझाइन नव्हतं, देश श्रीमंत, इंजिनिअर जगात नावाजलेले. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर भट्ट्या ठरल्याप्रमाणे आपोआप थांबल्या. पण साखळी अभिक्रिया थांबली म्हणून भट्टी लगेच गार होत नाही, सुरुवातीला पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघतच राहते आणि ती काढायला पंप लागतात, पंपांना वीज लागते. त्सुनामीचं पाणी तळघरात शिरलं, डिझेल जनरेटर बंद पडले, तीन गाभे वितळले. आणि २००८ मध्ये ते केंद्र चालवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्याच हिशोबात १५ मीटरच्या वर लाट येऊ शकते असं निघालं होतं! भिंत काही वाढवली नाही.

खडूफळा:
पण त्याच भूकंपात जपानच्याच ओनागावा अणुकेंद्राचं काय झालं तेही सांगा ना. ते केंद्र भूकंपाच्या केंद्राच्या जास्त जवळ होतं, लाट तिथेही १३ मीटरची आली, पण ते आधीच उंचावर बांधलेलं होतं म्हणून सुरक्षित बंद झालं, आसपासचे बेघर झालेले लोक उलट तिथेच आसऱ्याला गेले. म्हणजे तंत्रज्ञान तेच, काळजी घेतली की निभावतं.
आणि फुकुशिमात किरणोत्सर्गामुळे झालेला म्हणून जपान सरकारने मान्य केलेला मृत्यू एक आहे, एका कामगाराचा. याउलट घरदार सोडावं लागल्याचे हाल, म्हाताऱ्या आजारी माणसांना हॉस्पिटलमधून घाईघाईने हलवणं, ताणतणाव, यातून त्या एका प्रांतात दोन हजारांहून जास्त माणसं गेली. किरणोत्सर्गापेक्षा त्याच्या भीतीने जास्त मारलं.

आडवाट:
हे वाक्य मला कायम टोचतं. ती माणसं भीतीने मेली म्हणजे अणुकेंद्रामुळे मेली नाहीत असं कसं? त्या केंद्राच्या जागी पवनचक्की कोसळली असती तर कुणाला गाव सोडावं लागलं असतं का? गाव सोडून जाणं, जमीन पडीक राहणं, ३० वर्षं अर्धायुष्य असलेलं सिझियम-१३७ मातीतून खरवडून पिशव्या भरत बसणं, हे सगळं अपघाताच्या खात्यात मांडायलाच हवं.

चांदणवेल:
मी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात, म्हणजे किरणोत्सर्गी द्रव्यं वापरून तपासणी आणि उपचार करतात तिथे, काम करते. वर ज्या आयोडीन-१३१ ने लहान मुलांना कॅन्सर दिला असं लिहिलंय तेच आम्ही थायरॉईड कॅन्सरच्या पेशंटला औषध म्हणून देतो. ऑपरेशननंतर उरलेल्या पेशी ते शोधून मारतं, अगदी त्याच कारणाने, थायरॉईड ते ओढून घेते म्हणून. पेशंटला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवतो, आमच्या छातीवर डोस मोजणारा बॅज असतो, प्रत्येक गोष्टीची नोंद असते. हाडांच्या, हृदयाच्या स्कॅनसाठी जे टेक्निशियम-९९एम लागतं त्याचं अर्धायुष्य ६ तास, त्यामुळे त्याचा साठा करून ठेवता येत नाही, ते ज्या मॉलिब्डेनमपासून मिळतं ते संशोधन अणुभट्ट्यांमध्ये बनतं आणि अशी एखादी भट्टी दुरुस्तीला बंद पडली की जगभर स्कॅन पुढे ढकलावे लागतात. भट्ट्याच नकोत म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.
पण आडवाट यांचा मुद्दा मला जवळचा वाटतो. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात वीजकेंद्र वगैरे काही नव्हतं, एका बंद पडलेल्या दवाखान्यात कॅन्सर उपचाराचं मशीन कुणी लक्ष न देता सोडून दिलं होतं. भंगार म्हणून ते फोडलं गेलं, आत अंधारात निळं चमकणारं सिझियम होतं, लोकांनी कौतुकाने घरी नेलं, अंगाला लावलं. चार जण गेले, त्यात सहा वर्षांची एक मुलगी. एक लाखाहून जास्त लोकांची तपासणी करावी लागली. हे सगळं कशामुळे, तर ते मशीन कुणाच्या ताब्यात आहे हे बघणारं कुणी उरलं नव्हतं.

मोजपट्टी:
चांदणवेल, फार चांगली माहिती दिलीत. कचऱ्याबद्दलही थोडं लिहितो. फिनलंडने ओंकालो इथे ४०० मीटरहून खोल खडकात बोगदे खणलेत, वापरलेलं इंधन तांब्याच्या डब्यात, भोवती बेंटोनाइट मातीचा थर. तोडगा आहे, तो करायची तयारी पाहिजे.

आडवाट:
एका देशाने केलं. बाकीच्यांचं वापरलेलं इंधन आजही केंद्राच्या आवारात तलावात नाहीतर पिंपांत पडून आहे, आणि त्यातल्या प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्य २४ हजार वर्षं आहे. त्याच फिनलंडच्या ओल्किलुओटो-३ या अणुभट्टीचं काम २००५ ला सुरू झालं, २००९ ला वीज येणार होती, नियमित वीज आली २०२३ मध्ये. तापमानवाढीला तेवढी सवड आहे का?

खडूफळा:
उशीर होतो हे मान्य, म्हणून तर म्हणतो चालू असलेल्या सुरक्षित भट्ट्यांना तरी हात लावू नका. नियामक संस्था वीज कंपनी आणि सरकार दोघांपासून स्वतंत्र हवी, केंद्राभोवतीच्या किरणोत्सर्गाचे आकडे चोवीस तास लोकांसाठी खुले हवेत, एवढ्या अटींवर मी नव्या भट्ट्यांनाही हो म्हणेन.

आडवाट:
चालू भट्ट्या आज बंद करा असं मी म्हटलेलंच नाही, कोळसा आधी जावा. नव्यांना मात्र माझा विरोध आहे, कारण तुमच्या अटी शांततेच्या काळातल्या आहेत. युक्रेनमधलं झापोरिझ्झिया हे युरोपातलं सगळ्यात मोठं अणुवीज केंद्र, मार्च २०२२ पासून ते रशियन सैन्याच्या ताब्यात आहे, बाहेरून येणारी वीज कितीतरी वेळा पूर्ण तुटून भट्ट्या गार ठेवायला जनरेटर चालवावे लागले. तिथे तुमचा नियामक काय करणार?