परदेशातल्या ऑफिसात मीटिंगमध्ये तोंडच उघडत नाही

कंपनीने दोन वर्षांसाठी इकडे पाठवलंय, तिसरा महिना चालूय. काम जमतं पण मीटिंगमध्ये वाक्य मनात जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो, मग मी नुसती मान डोलावतो. बॉस म्हणतो फार गप्प असतोस. काय करू?

> सेम झालेलं माझं. अजेंडा आदल्या दिवशी मागून घे आणि पहिल्या पाच मिनिटांतच एखादा साधा प्रश्न विचारून टाक, मग जीभ सुटते. आणि मान डोलावणं बंद कर बाबा, होकार समजतात, एक अख्खा रिपोर्ट असाच माझ्या गळ्यात पडलेला.

> विषय सोडून सांगते, तिथे राहिलेले दिवस मोजत जा. बऱ्याच देशांत 183 दिवस झाले की टॅक्सची भानगड सुरू होते.

> अजेंडा मागितला. आला, चार पानी!